सबक ऐकणे आणि गुण देणे

पालकसभेला येणारे पालक आम्हाला बहुधा एकच विचारतात, 'सर, पोरगा पास होईल ना?' पोराला काय येते आणि कुठे अडते, हे विचारणारे वर्षाकाठी एक-दोनच भेटतात. त्यांना दोष देता येत नाही. परीक्षा म्हणजे दरवाजा आणि शिक्षक म्हणजे त्यावरचा पहारेकरी, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे. ती शिक्षकांतही आहे. मुलांचे शिकणे आपण वारंवार का तपासतो, असे शिक्षकांच्या खोलीत कुणाला विचारून पाहा. 'साहेब रजिस्टर मागतात म्हणून,' हेच उत्तर आधी येईल.

कायद्याला हे रजिस्टर अभिप्रेत नव्हते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २९ व्या कलमात मुलाच्या आकलनाचे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन व्हावे असे म्हटले आहे. महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने ते पहिली ते आठवीला लागू झाले. वर्षभर आकारिक मूल्यमापन, सत्राच्या शेवटी संकलित. आकारिकासाठी दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी साधने सांगितली गेली. कल्पना चांगली होती. पुढे वर्णनात्मक नोंदींची तयार पुस्तके बाजारात आली आणि नंतर त्या नोंदी मोबाईलवरही फिरू लागल्या. 'शंका मनमोकळेपणाने विचारतो' हे वाक्य मग अशाही मुलाच्या नावापुढे पडते, ज्याने वर्षभर वर्गात तोंड उघडलेले नसते.

पण रोज तपासणे ही काही २०१० साली सरकारने आपल्याला शिकवलेली गोष्ट नव्हे. आपल्या मोहल्ल्यातल्या मदरशात हिफ्ज करणाऱ्या मुलाचा दिवस पाहा. आज नव्याने पाठ केलेला तो सबक, गेल्या काही दिवसांतला तो सबकी आणि त्यामागचा जुना सगळा तो मंझिल. तिन्ही गोष्टी मूल उस्तादांसमोर बसून ऐकवते. उस्ताद गुण देत नाहीत, श्रेणी देत नाहीत. सबक कच्चा असेल तर उद्या नवा मिळणार नाही, तोच पुन्हा पक्का करायचा, एवढाच निकाल. मंझिल डळमळीत वाटली तर सबक थोडा कमी होतो. ऐकण्याचा उपयोग फक्त एकच, उद्या या मुलाला किती द्यायचे ते ठरवणे. शेजारी बसलेला मुलगा पंधराव्या पाऱ्यावर आहे की विसाव्या, याचा इथे संबंध येत नाही.

या पद्धतीचे कौतुक करताना तिची दुसरी बाजू झाकू नये. काही ठिकाणी चुकलेल्या सबकासोबत छडीही आली, आणि त्या भीतीने कितीतरी मुले पुस्तकापासूनच दुरावली. शिवाय हिफ्जमध्ये पाठांतर तपासले जाते, अर्थ समजला की नाही ही तपासणी वेगळी. शाळेला दोन्ही करावे लागते. तरीही ऐकणारा माणूस समोर बसलेला असणे, ही जी या पद्धतीची मुळातली गोष्ट आहे, तीच नेमकी आमच्या शाळांतून निसटली.

रमजानमध्ये तरावीह पढवताना हाफिजसाहेब एखाद्या आयतीवर अडखळले, तर मागे उभा असलेला सामे लुकमा देतो. हाफिजसाहेब दुरुस्त करून पुढे जातात. कुणी त्यांना नापास करत नाही आणि कुणी चूक पोटातही घालत नाही. चुकू देणे हा इथे दयेचा प्रकार मानला जात नाही. आम्हाला वाटते, मूल्यमापनाचा नैतिक प्रश्न इथे सुरू होतो.

तिसरीतले उदाहरण घेऊ. वजाबाकीची दहा गणिते दिली, त्यातली चार हातच्याची. दोन मुलांना दहापैकी सहा मिळाले. शेकडा साठ, म्हणजे दोघांचीही श्रेणी क-१. पहिल्याची वही उघडली तर ५२ वजा २७ बरोबर ३५, ४१ वजा १६ बरोबर ३५, ७० वजा ३४ बरोबर ४४. हा मुलगा निष्काळजी नाही. वरचा अंक लहान असला की तो खालच्या अंकातून वरचा वजा करतो. 'मोठ्यातून लहान काढायचा' असे कुणीतरी सांगितलेले त्याने इमानदारीने पाळले आहे. दुसऱ्याची चूक अशी कुठल्याच नियमात बसत नाही, त्याने शेवटची चार गणिते नुसती सोडून दिली, कारण तास संपला. एकाला दशक मोकळा करणे काड्यांच्या गठ्ठ्याने पुन्हा दाखवायला हवे, दुसऱ्याला फक्त दहा मिनिटे हवीत. सहा या आकड्याने दोघांचीही गोष्ट पुसून टाकली. आमच्या उर्दू वर्गात हातच्याला 'हासिल' म्हणतात. मिळवलेले, पदरात पडलेले, हाही त्याच शब्दाचा अर्थ!

उर्दू माध्यमात आणखी एक गुंता आहे, त्याची चर्चा फारशी होत नाही. कोकणातल्या आपल्या घरांत बोली कोकणी, बाजारात मराठी, शाळेच्या पुस्तकात उर्दू. अपूर्णांकाला कसर, अंशाला शुमार कुनिंदा, छेदाला नसब नुमा. भाकरीचे चार वाटे करून तीन वाटे भावंडांना देणारी मुलगी लेखी चाचणीत 'नसब नुमा' वर अडते. तिला अपूर्णांक येत नाही, की तो शब्द येत नाही? कागदाला हे कळत नाही. तिच्याशी घरच्या बोलीत दोन मिनिटे बोलणाऱ्या शिक्षकाला कळते. आम्ही उर्दूच्या बाजूनेच आहोत, हे शब्द मुलांना आलेच पाहिजेत. पण भाषेची कमाई आणि गणिताची कमाई एकाच खात्यात मांडली, तर हिशेब कुणालाच लागणार नाही.

कायद्याने आठवीपर्यंत नापास करणे थांबवले, त्यामागे कारण होते. गरिबाघरी नापास या शब्दाचा अर्थ शाळा संपली असा होतो. मुलगा गॅरेजवर जातो, मुलीसाठी स्थळे येऊ लागतात. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात २००१ च्या जनगणनेप्रमाणे देशाची साक्षरता ६५.१ टक्के आणि मुसलमानांची ५९.१ टक्के दिली आहे. अशा समाजातल्या शिक्षकाचा हात नापास लिहिताना थरथरतो, आणि ते योग्यच आहे. मात्र त्याच मायेपोटी काही जण सातवीतल्या, धड परिच्छेद न वाचता येणाऱ्या मुलीला अ-२ देतात. 'बिचारीचे मन मोडायला नको.' तिची अम्मी प्रगतिपत्रक पाहून खूश होते. शिकवणी लावायची की नाही, घरी वाचायला बसवायचे की नाही, हे ती माउली त्या कागदावरूनच ठरवणार असते. मुलाविषयीची खरी माहिती शिक्षकाकडे अमानत म्हणून असते. ती दाबून ठेवली, तर ती अमानतीत खयानतच. सौम्य शब्दांत सांगणे वेगळे आणि न सांगणे वेगळे.

सांगायचे कसे, यावर अभ्यास झालेला आहे. रूथ बटलर यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त लेखी शेरा आणि काहींना दोन्ही. ज्यांना फक्त शेरा मिळाला, त्यांचे पुढचे काम सुधारले. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा लाभ झाला नाही. कुणाही शिक्षकाला याचे नवल वाटू नये. वही हाती येताच मुले आकडा बघतात, मग शेजाऱ्याचा आकडा, आणि वही दप्तरात.

याचा एक भाग शिक्षकावरच उलटतो. चाळीसपैकी तीस मुलांनी तीच चूक केली, तर ती तीस मुलांची परीक्षा उरत नाही. तो पाठ पुन्हा, वेगळ्या रीतीने घ्यावा लागतो. तपासणी टाळण्यामागे कधी कधी हीच धास्ती असते, पण बोलताना कारण वेळेचे दिले जाते. वेळ कमी आहे हे खोटे नाही. निवडणूक आणि जनगणना यांची कामे तर कायद्यानेच शिक्षकाच्या माथी ठेवलेली आहेत.

डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. नापास झालेल्याला फेरपरीक्षेची संधी, तीही हुकली तर त्याच वर्गात. दरवाजा परत बसला आहे. तिसरीतला तो ३५ लिहिणारा मुलगा दोन वर्षांनी तिथे पोहोचेल. तोवर वर्गात रोज पाच वह्या नीट वाचायच्या, आणि प्रत्येकाला 'हे तू कसे केलेस, सांग बरे' असे विचारून त्याचे उत्तर संपेपर्यंत थांबायचे. चाळीसच्या वर्गात आठ दिवसांत सगळ्यांची पाळी येते.