उपहासाची मुदत

‘दॅट वॉज द वीक दॅट वॉज’ हा राजकीय उपहासाचा दूरचित्रवाणी-कार्यक्रम बीबीसीने नोव्हेंबर १९६२ मध्ये सुरू केला आणि १९६३च्या अखेरीस थांबविला. १९६४ हे निवडणुकीचे वर्ष, हे त्याचे कारण. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेने निःपक्षपाती राहावे, हा युक्तिवाद त्याज्य नव्हे. परंतु नागरिकाचा निर्णय जेव्हा खरोखर परिणामकारक होतो, नेमका तेव्हाच उपहास वर्ज्य ठरत असेल, तर एरवीच्या मुभेला स्वातंत्र्य म्हणावे की करमणूक? याच कार्यक्रमाने प्रकाशात आणलेल्या डेव्हिड फ्रॉस्ट यांना १९९३ मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला. त्यावरून उपहास सत्तेला विकला गेला, असा निष्कर्ष काढणे उथळपणाचे होईल. उपहासाचे नैतिक मूल्य उपहासकाराच्या उत्तरचरित्रात नसते. तो गैरसोयीचा ठरतो त्या क्षणात असते. तो क्षणच वगळला, की उरतो केवळ विनोद.