उजेडात धरलेली पहाणी

आमच्या घरच्या लोखंडी पेटीत आजोबांच्या वेळची एक पहाणी, म्हणजे शेतजमिनीच्या नोंदीचा उतारा, आहे. आदिलाबाद तेव्हा निजामाच्या मुलखात, म्हणून कागद उर्दूत. क्षेत्राच्या रकान्यातल्या एका आकड्याची शाई बाकीच्यांपेक्षा गडद आहे. उर्दूतल्या दोनाला एक दाता वाढवला की त्याचा तीन होतो, आणि तो दाता मागाहून वाढवलेला आहे हे लहान पोरालाही कळेल. आजोबा तो कागद खिडकीशी नेऊन उजेडात धरत आणि म्हणत, "बघ, इथं हात घातलाय."

खाडाखोडीबद्दलचा जुना कायदा असाच उजेडात धरलेल्या कागदावर उभा होता. १८६०ची दंडसंहिता हैदराबाद विलीन झाल्यावर आमच्याकडेही लागू झाली. तिच्या लेखी खोटा दस्तऐवज म्हणजे शाई, सही, शिक्का, खोडलेली ओळ. सरकारी नोंदवहीत बनावट केली तर कलम ४६६ खाली सात वर्षांपर्यंत कैद. नोंदवहीला इतकं जपलं याचं कारण उघड आहे: माणसाची जमीन गावात असते, पण तिच्यावरचा हक्क वहीत असतो.

१७ ऑक्टोबर २००० रोजी माहिती तंत्रज्ञान कायदा अमलात आला आणि दंडसंहितेत दस्तऐवजाच्या जोडीला 'इलेक्ट्रॉनिक अभिलेख' हा शब्द बसला. नव्या कायद्याची दोन कलमं आपल्या कामाची. कलम ६५ खाली, जो सोर्स कोड कायद्याने जपून ठेवायचा तो जाणूनबुजून लपवणं, नष्ट करणं किंवा बदलणं हा गुन्हा. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलम ६६चं नाव तेव्हा 'हॅकिंग' होतं. दुसऱ्याचं नुकसान व्हावं म्हणून, किंवा होईल हे ठाऊक असून, संगणकातली माहिती पुसली, बदलली, तिची किंमत घटवली की गुन्हा पुरा. शब्द परका असला तरी कल्पना पटवाऱ्याच्या वहीचीच होती.

पण संगणक म्हणायचं कशाला? या प्रश्नाचं मोठं उत्तर हैदराबादेतूनच आलं. रिलायन्स इन्फोकॉम स्वस्तात हँडसेट द्यायची, अट एवढीच की तो तिच्याच जाळ्यावर चालावा. त्या हँडसेटमधला इलेक्ट्रॉनिक अनुक्रमांक बदलून ग्राहक आपल्याकडे वळवल्याचा आरोप टाटा इंडिकॉमच्या माणसांवर झाला. सय्यद असिफुद्दीन खटल्यात आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने २००५ साली म्हटलं की मोबाइल हाही कायद्याच्या व्याख्येतला संगणक आहे, आणि तो क्रमांक बदलणं कलम ६५ खाली तपासण्याजोगं आहे. अपहार, फसवणूक आणि कटाची दंडसंहितेतली कलमं मात्र न्यायालयाने रद्द केली. आदिलाबाद त्या वेळी आंध्र प्रदेशातच होतं. म्हणजे कापसाच्या गाडीवर बसलेल्या शेतकऱ्याच्या खिशातला साधा फोनही कायद्याच्या लेखी संगणक झाला. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो, कारण न्यायालयाने यंत्राचा आकार न बघता त्याचं काम बघितलं.

२००८च्या दुरुस्तीने, जी पुढच्या वर्षी ऑक्टोबरात अमलात आली, 'हॅकिंग' हा शब्द गेला. आता कलम ४३मधली कृती, म्हणजे मालकाच्या किंवा प्रभारी माणसाच्या परवानगीशिवाय केलेली ढवळाढवळ, अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केली तर तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र, पण जामीनपात्र.

माझं मन अडतं ते 'परवानगी' या शब्दाशी. सरकारी संगणकाचा मालक सरकार, आणि प्रभारी तो, ज्याच्याकडे लॉगिन आहे. आमच्याकडे पटवारी १९८४च्या अध्यादेशाने गेले, ग्राम महसूल अधिकारी सप्टेंबर २०२० मध्ये गेले, आणि २९ ऑक्टोबर २०२० ला जमिनीच्या नोंदींचं धरणी पोर्टल सुरू झालं. शेतजमिनीची खरेदी आणि फेरफार दोन्ही तहसीलदाराकडे आले. तिथं लॉगिन असलेल्याच माणसाने आकडा फिरवला तर तो म्हणणार, मला परवानगी होतीच. त्याला धरायचं तर पुन्हा जुन्या बनावट दस्तऐवजाकडे वळावं लागतं, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत आलं आहे आणि जिथं सरकारी नोंदवहीसाठी सात वर्षं कायम आहेत. पण मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली गगन हर्ष शर्मा खटल्यात माहिती तंत्रज्ञान कायदा विशेष आहे म्हणून त्याच कृतीसाठी लावलेली दंडसंहितेची कलमं रद्द केली होती. तो मामला खासगी कंपनीच्या सॉफ्टवेअरचा होता. हाच तर्क सातबारा किंवा पहाणीला लावला तर मोठ्या गुन्ह्याला लहान शिक्षा होईल. ते चूक ठरेल.

कागद आणि यंत्र एकमेकांत किती गुंतलेत, ते आमच्याच तेलंगणातल्या पेद्दपल्ली जिल्ह्यात २०१८ साली दिसलं. तिथल्या एका सिमविक्रेत्याने नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरून जमिनीचे दस्त उतरवून घेतले, त्यावरच्या अंगठ्यांचे रबरी ठसे बनवले आणि ते आधारच्या यंत्रावर टेकवून सिमकार्डं चालू केली. शेत विकताना कुणीतरी शाईत बुडवलेला अंगठा दुसऱ्याच कामाला लागला, आणि त्याला पत्ताही नाही.

संगणकात खाडाखोड डोळ्यांना दिसत नाही. दिसते ती लॉगमध्ये: कोणत्या लॉगिनने, किती वाजता, आधी काय, नंतर काय. नव्या साक्ष अधिनियमाने इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत हॅश मूल्य, म्हणजे मजकुरावरून काढलेला आकडा, मागितलं आहे. एक अक्षर हललं तरी तो आकडा बदलतो. आजोबांच्या खिडकीतला उजेड तोच आहे, फक्त खिडकी आता सर्व्हरच्या खोलीत आहे आणि शेतकरी बाहेर उभा आहे.

एप्रिल २०२५ मध्ये धरणीच्या जागी भू भारती आली, अपिलाची वाट पुन्हा उघडली. तेवढ्याने भागणार नाही. आपल्या नोंदीत कोणी, कधी हात घातला याचा उतारा पट्टेदाराला मागताक्षणी मिळाला पाहिजे, आणि तो हक्क कायद्यात लिहिलेला हवा. तोवर पेनगंगेच्या दोन्ही काठांवरच्या माझ्या माणसांना एवढीच विनंती: दर हंगामाला आपल्या नोंदीची तारीख घातलेली प्रत काढा आणि पेटीत ठेवा.