हार्मोन ही खरेपणाची परीक्षा नव्हे

ट्रान्स माणसाशी ओळख झाली की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यालाच लोक विचारतात, “ट्रीटमेंट सुरू केली का?” या प्रश्नात आपुलकी कमी आणि झडती जास्त असते. ‘हो’ म्हटलं तर ऑपरेशनची चौकशी सुरू होते. ‘नाही’ म्हटलं तर सगळं खूळ ठरतं. दुःख याचं, की आता ट्रान्स माणसं एकमेकांचीही अशीच झडती घेऊ लागली आहेत. ‘टी’, म्हणजे टेस्टोस्टेरॉन, न घेणारा ट्रान्सपुरुष काहींच्या लेखी कच्चा असतो. हिजड्यांच्या घराण्यात निर्वाण, म्हणजे लिंगछेद, झालेलीचा मान वेगळा असतो.

ट्रान्सपुरुष इंजेक्शनसाठी उतावीळ असतात आणि ट्रान्सस्त्रिया चालढकल करतात, असं एक ढोबळ चित्र रंगवलं जातं. त्यावरून कोण किती खरं, हे ठरवणारे विसरतात की ही दोन औषधं मुळातच वेगळी आहेत. टेस्टोस्टेरॉन बहुधा तेलात मिसळलेलं असतं. घट्ट असल्याने ते कुल्ल्याच्या स्नायूत सावकाश सोडावं लागतं. काही महिन्यांत बहुतेकांची पाळी थांबते आणि आवाज फुटतो. दाढी भरायला वर्षं लागतात. एकदा फुटलेला आवाज औषध थांबवलं तरी पूर्ववत होत नाही. दर महिन्याला पाळी ज्याला खायला उठते, त्याने या औषधाची वाट पाहिली तर नवल काय? रिक्षावाला पहिल्यांदा ‘भाऊ’ म्हणतो, तो दिवस त्याच्या लक्षात राहतो.

ट्रान्सस्त्रिया घेतात त्या इस्ट्रोजेनकडून असं काही मिळत नाही. वयात येताना फुटलेला आवाज त्याने बारीक होत नाही आणि उगवलेली दाढी जात नाही. त्यासाठी लेसरचा खर्च वेगळा. छाती भरायला दोन-तीन वर्षं जातात. कामेच्छा आणि ताठरता मात्र बरीच आधी उतरते. जिचं पोट देहविक्रीवर चालतं, तिच्यासाठी हा थेट रोजीचा प्रश्न असतो. ती गोळी नको म्हणत असेल, तर तिच्या बाईपणावर शंका घेणाऱ्याने आधी तिच्या घरभाड्याची सोय करावी.

सोबतीतही फरक आहे. ट्रान्सस्त्रीला घराने हाकललं तरी गुरू असते, घराणं असतं. तिथला जाच आणि हिशेब वेगळा, पण डोक्यावर छप्पर मिळतं. ट्रान्सपुरुषासाठी असं जुनं घराणं नाही. तो घरातच ‘मुलगी’ म्हणून अडकतो आणि त्याचं लग्न जमवलं जातं. अशा घरात फुटलेला आवाज सुटकाही ठरतो आणि धोकाही. सिल्वासासारख्या कारखान्यांच्या गावात रोजंदारीवर जाणाऱ्याचा विचार करा. आधारवर नाव बाईचं, गळ्यातून आवाज पुरुषाचा. गेटवर झडतीला त्याने कुठल्या रांगेत उभं राहायचं? या भीतीने कुणी ‘टी’ लांबवत असेल, तर तो भित्रा नव्हे, शहाणा म्हणायला हवा.

डॉक्टर दारात उभं करत नाहीत, म्हणून अनेक ट्रान्सस्त्रिया मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या आणतात. माला-डीच्या पाकिटात 28 गोळ्या असतात. त्यांतल्या 21 हार्मोनच्या आणि 7 लोहाच्या. लवकर फरक पडावा म्हणून त्या एका दिवसात तीन-चार घेतल्या जातात. यातल्या एथिनिल इस्ट्राडिओलमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो. सिगारेट असेल तर तो आणखी वाढतो. डॉक्टर या कामी साधं इस्ट्राडिओल देतात, तेही रक्त तपासत. तिकडे जिममधल्या ओळखीतून ‘टी’ मिळवणाऱ्याला कुणी सांगत नाही, की रक्त जास्त दाट होऊ शकतं, किंवा पाळी थांबली तरी गर्भ राहू शकतो.

कौतुकाचं मापही सारखं नाही. मुलगी म्हणून वाढलेले बीड जिल्ह्यातले पोलीस शिपाई ललित साळवे 2017 मध्ये लिंगबदल शस्त्रक्रियेच्या रजेसाठी मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. मे 2018 मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि महाराष्ट्राने त्यांचं कौतुक केलं. ते योग्यच होतं. पण मुलगी मुलगा झाली की बढती आणि मुलगा मुलगी झाला की घसरण, हा आपला जुना हिशेब त्या कौतुकात मिसळलेला नव्हता, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. नाक्यावर टाळी वाजवणारीच्या वाट्याला तसं कौतुक कधी आलं?

सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 च्या नालसा निकालात लिंगओळख ठरवण्याचा हक्क व्यक्तीला दिला आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालणं बेकायदा ठरवलं. ट्रान्सजेंडर व्यक्तींविषयीच्या 2019 च्या कायद्याच्या पंधराव्या कलमाने हार्मोन उपचारांची सोय करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. म्हणजे घेणाऱ्याला सोय मिळावी आणि न घेणाऱ्याची ओळख अबाधित राहावी. आपण नेमकं उलटं करतो. सोय देत नाही आणि पुरावा मागतो.

सोय देणं अवघड नाही. सिल्वासाचंच घ्या. तिथे विनोबा भावे रुग्णालय आहे, वैद्यकीय महाविद्यालय आहे. हिमोग्लोबिन, यकृत, चरबी या तपासण्या कुठल्याही मोठ्या सरकारी रुग्णालयात रोजच्याच. आठवड्यातली एक दुपार ठरवून एक फिजिशियन, एक स्त्रीरोगतज्ज्ञ आणि एक मानसोपचारतज्ज्ञ बसले, तर त्याच भागातल्या खानवेल-दुधनीकडच्या पोराला मुंबई गाठावी लागणार नाही. ट्रान्सपुरुषाला स्त्रीरोग विभागात जावंच लागतं. तिथे बायकांच्या रांगेत त्याचं जुनं नाव मोठ्याने पुकारू नये, एवढं केसपेपर लिहिणाऱ्यालाही जमेल. आणि हार्मोन नकोच असलेलं कुणी त्या दुपारी आलं, तर साखर-रक्तदाब तपासून, हवं ते औषध देऊन घरी पाठवावं. ‘मग आलात कशाला?’ असं विचारू नये.