बेवारशी वास्तू आणि सार्वजनिक पैसा

जुन्या वास्तूंच्या जतनासाठी सरकारी तिजोरीतून खर्च करावा की नाही, हा प्रश्न सुस्थित शहरांतील सभागृहांत जितका सोपा वाटतो, तितका तो बुलढाणा जिल्ह्यासारख्या मुलखात सोपा राहत नाही. या जिल्ह्याच्या वाट्यास पूर्वजांनी ठेवलेली संपत्ती थोडी नाही. लोणार येथील दैत्यसूदनाचे मंदिर व सरोवराकाठची देवळे, सिंदखेडराजा येथील लखुजी जाधवरावांचा वाडा व त्यांची समाधी, मेहकरचे पैनगंगेकाठचे जुने अवशेष, चिखलीजवळच्या सातगावची हेमाडपंती देवळे, रोहिणखेडची १५८२ साली बांधलेली मशीद, एवढी नावे घेतली तरी यादी पुरी होत नाही. परंतु हाच जिल्हा विदर्भातील ज्या ६ जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी मोठ्या संख्येने आपले जीव दिले, त्यांपैकी एक आहे. आणि त्या ६ जिल्ह्यांसाठी २००६ च्या जुलै महिन्यात मध्यवर्ती सरकारला ३७५० कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर करावे लागले होते. ज्या घरातील कर्ता पुरुष कर्जापायी गेला, त्या घरातील विधवेने जर विचारले की, माझ्या वाट्याचा पैसा तुम्ही दगडांवर का घालता, तर तिला काय उत्तर द्यावे? ज्याला हे उत्तर देता येत नाही, त्याने पुराणवास्तूंच्या वैभवाविषयी बोलू नये, असे आम्हांस प्रामाणिकपणे वाटते.

या प्रश्नास सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर व्यवहाराचे आहे: वास्तू राखल्या म्हणजे प्रवासी येतात, प्रवासी आले म्हणजे गावात चार पैसे येतात. हे उत्तर खोटे नाही. परंतु ते फार थोडक्या वास्तूंस लागू पडते. लोणारच्या सरोवराची कीर्ती जगभर आहे, २०२० साली त्याची गणना आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ स्थळांत झाली. तेथे लोक येतील. सातगावच्या देवळांकडे अथवा रोहिणखेडच्या मशिदीकडे प्रवाशांची रीघ लागण्याचा संभव नाही. मग, उत्पन्न नाही म्हणून ती पडू द्यावी काय? ज्या युक्तिवादाने आपल्या आवडीची वास्तू वाचते आणि शेजारची मरते, तो युक्तिवाद अर्थशास्त्राचा असेल, धर्माचा नव्हे.

दुसरे उत्तर अभिमानाचे आहे: या वास्तू आमच्या पूर्वजांच्या पराक्रमाची साक्ष होत, म्हणून त्या राखल्या पाहिजेत. या उत्तरात उष्णता आहे, पण ‘आमच्या’ या शब्दापाशी ते अडते. प्रत्येक वास्तू कोणा एकाच्या अभिमानाचा विषय असते आणि दुसऱ्याच्या उदासीनतेचा. तिजोरी मात्र सर्वांची असते. तिने एकाच्या अभिमानास दुसऱ्याच्या करातून खतपाणी घालावे, असे म्हटले की न्यायाची बाजू लंगडी पडते. शिवाय अभिमान हा स्वभावतःच चंचल असतो. तो जयंतीच्या दिवशी जागा होतो आणि दुसऱ्या दिवशी झोपी जातो. भिंतीत रुजलेला पिंपळ मात्र वर्षाचे ३६५ दिवस वाढत असतो.

अभिमान काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, याचे बोधप्रद उदाहरण आपल्या इतिहासात आहे. रायगडावरील शिवछत्रपतींच्या समाधीची दुरवस्था जेम्स डग्लस या इंग्रज ग्रंथकाराने १८८३ साली जगापुढे मांडली, तेव्हा मुंबई सरकारने तिच्या देखभालीस वार्षिक ५ रुपये मंजूर केले! त्या ५ रुपयांनी महाराष्ट्राच्या मनास जी नांगी लागली, तिचे पर्यवसान १८९५ साली टिळकांनी चालविलेल्या स्मारकफंडाच्या चळवळीत झाले. तथापि प्रत्यक्ष समाधीचा जीर्णोद्धार व छत्री यांचे काम पुरे होण्यास १९२६ साल उजाडले, आणि तेही लोकवर्गणी व सरकारी साहाय्य यांची जोड मिळाली तेव्हा. लोकांच्या भक्तीत केवढी शक्ती आहे हे यावरून दिसते. आणि एवढी मोठी भक्ती असूनही ३० वर्षे लागली, हेही दिसते. ज्या वास्तूमागे असा पुरुष नाही, अशी भक्ती नाही, तिची गत काय होत असेल याचा वाचकांनीच विचार करावा.

आमच्या मते खऱ्या उत्तराची वाट येथूनच फुटते. सार्वजनिक पैसा कशासाठी असतो? ज्या कामाचा लाभ सर्वांना आहे, पण जे करण्यास एकटा कोणी पुढे येत नाही, त्या कामासाठी. ज्या बालकास आईबाप आहेत, त्याच्या पालनाची चिंता राज्याने वाहण्याचे कारण नाही; ज्यास कोणी नाही, त्याचा पालक राज्य होते. वास्तूंच्या बाबतीतही हाच नियम लावावा. सोमनाथाच्या मंदिराची पुनर्रचना करण्याचे १९४७ साली सरदार पटेलांनी जाहीर केले, तेव्हा महात्मा गांधींनी त्या संकल्पास संमती दिली, पण खर्च सरकारी तिजोरीतून न होता लोकांच्या देणग्यांतून व्हावा असा आग्रह धरला. आणि त्याप्रमाणेच ते काम होऊन १९५१ च्या ११ मे रोजी तेथे प्रतिष्ठापना झाली. त्या आग्रहात मंदिराचा अनादर नव्हता. जेथे भक्त आहेत तेथे भक्तांनी द्यावे, सर्वांच्या पैशावर सर्वांचा हक्क राहू द्यावा, एवढाच त्याचा आशय होता. आम्ही त्यास एक पुरवणी जोडू इच्छितो: जेथे भक्त उरले नाहीत, तेथे सर्वांच्या पैशाचे कर्तव्य सुरू होते.

हा नियम मानला तर आजच्या व्यवहाराचा क्रम बराचसा उलटा करावा लागेल. सिंदखेडराजा हे जिजाऊ मासाहेबांचे जन्मस्थान. दरवर्षी १२ जानेवारीस तेथे जनसागर लोटतो, आणि तो लोटावा हे उचितच आहे. एवढ्या लोकांच्या प्रेमाचा आधार असलेल्या गावास निधीची मागणी करणारे तोंड आहे. रोहिणखेडच्या मशिदीस ते नाही, सातगावच्या देवळांस ते नाही. मागणाऱ्याच्या आवाजावर निधी वाटला जातो, म्हणून आवाज असलेल्या ठिकाणी नव्या कमानी, नवी उद्याने व नवे दिवे उभे राहतात, आणि मुक्या वास्तूचा एकेक चिरा गळत जातो. ज्यांनी त्या बांधल्या ते मेले आहेत, ज्यांना त्या पाहावयाच्या आहेत त्यांतील पुष्कळजण अद्याप जन्मास यावयाचे आहेत. या दोघांनाही मताधिकार नाही. त्यांच्या वतीने बोलणारे कोणी असेल तर ते राज्यच. आपल्या राज्यघटनेच्या ४९ व्या अनुच्छेदाने राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांच्या रक्षणाचे बंधन राज्यावर घातले आहे, त्याचा नैतिक अर्थ आम्ही असाच लावतो.

आता त्या विधवेच्या प्रश्नाकडे वळू. भुकेला माणूस आणि पडका दगड यांत खरोखरच एकाची निवड करावयाची असेल, तर माणसाची करावी, याविषयी आमच्या मनात शंका नाही. माणसांनीच वास्तू बांधल्या. वास्तूंसाठी माणसे मारावयाची नाहीत. परंतु ही निवड प्रत्यक्षात क्वचितच समोर येते. जतनाचा खरा खर्च, तो वेळेवर केला तर, फार थोडा असतो. पावसाळ्यापूर्वी छपराच्या फटी बुजविणे, भिंतीत उगवलेले रोप मूळ धरण्यापूर्वी उपटणे, पाण्याची वाट मोकळी ठेवणे आणि एक इमानी पहारेकरी नेमणे, एवढ्याने शतके टिकलेली इमारत आणखी शतकभर टिकते. हे न केल्यामुळे जेव्हा भिंत कोसळते, तेव्हा कोट्यवधींचे आराखडे निघतात. त्या विधवेचा घास पळवितो तो हा उशिरा केलेला थाटामाटाचा खर्च. वेळेवर केलेली डागडुजी नव्हे. तिने दगडांवर रागावण्यापेक्षा आमच्या आळसावर रागवावे, आणि तो राग योग्यच ठरेल.

थाटामाटाचा दोष केवळ पैशाचा नाही. १९२३ साली पुरातत्त्व खात्याचे प्रमुख सर जॉन मार्शल यांनी जतनकार्याची जी नियमावली तयार केली, तिचा मुख्य कटाक्ष असा की, मूळ आहे ते टिकवावे, नवे करून जुन्याचे सोंग आणू नये. चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा लेप दिला की ती नवी दिसते खरी, पण आतील ओल बाहेर पडू शकत नाही, क्षार साचतात आणि विटा व दगड आतूनच झिजू लागतात. आत्मीयतेने केलेला असा जीर्णोद्धार शत्रूच्या तोफेइतकाच घातक होतो. याउलट, सावकाश व जाणतेपणाने केलेल्या कामाचे फळ सिंदखेडराजासच पाहावयास मिळाले. १६२९ साली निजामशाहीच्या दरबारात पुत्रपौत्रांसह मारल्या गेलेल्या लखुजी जाधवरावांच्या छत्रीचे जतनकार्य २०२४ साली चालू असता पुरातत्त्व खात्याच्या लोकांस काही चिरे दिसले. ते जपून उकरले तेव्हा एका शिवमंदिराचा पाया लागला, आणि सुमारे सव्वादोन मीटर खोलीवर शेषशायी विष्णूची १.७० मीटर लांब व १ मीटर उंच अशी अप्रतिम मूर्ती प्रकट झाली. तेथे घाईने फरशी घातली असती, तर ती मूर्ती आमच्याच श्रद्धेखाली कायमची गाडली गेली असती.

एका अन्यायाचा उल्लेख केल्यावाचून हे विवेचन पुरे होणार नाही. १९५८ च्या स्मारक कायद्यात २०१० साली जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार मध्यवर्ती सरकारने संरक्षिलेल्या स्मारकापासून १०० मीटरांच्या आत नवे बांधकाम करण्यास मनाई आहे. हेतू चांगला आहे. पण स्मारकाचा आनंद साऱ्या देशाने घ्यावा आणि त्याची किंमत मात्र शेजारच्या दोन खोल्यांच्या घराने द्यावी, ही वाटणी न्यायाची नव्हे. ज्याच्या मुलाला लग्नानंतर तिसरी खोली बांधता येत नाही, त्याने त्या देवळावर प्रेम कसे करावे? जतनाच्या निधीतील पहिला हिस्सा या शेजाऱ्यांच्या भरपाईसाठी काढून ठेवावा, आणि डागडुजीचे काम व पहाऱ्याची नोकरी प्रथम त्यांच्या मुलांस द्यावी, असे आम्ही सुचवितो. ज्या वास्तूने शेजाऱ्याचे घर चालते, तिचे रक्षण कोणत्याही कायद्यावाचून होते.

सारांश, खर्च करावा. पण तो नियमित व थोडा असावा, शोभेसाठी नसून टिकावासाठी असावा, आणि त्याची सुरुवात ज्या वास्तूचे नाव कोणीही घेत नाही तिच्यापासून व्हावी. पुढील पावसाळ्यापूर्वी रोहिणखेडच्या भिंतीवरील रोपे कोणी उपटली की नाही, एवढे जरी जिल्ह्यातील सुशिक्षितांनी आपल्या लोकप्रतिनिधीस विचारले, तरी या विषयावरील अनेक व्याख्यानांहून ते अधिक उपयोगी पडेल.