नाव नसलेलं लोखंड

बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यात, गोदाकाठच्या एका घरी देवळीत ठेवलेली एक करडी गोळी मी पाहिली. बोराएवढीच, पण हातात घेतली तर आकाराच्या मानाने फार जड. वर पांढरट, पिठूळ साय धरलेली. पोरं तिला गोटी म्हणत, आजी शाळिग्राम म्हणून हात जोडत. नांगराच्या तासात निघाली, एवढंच घरात ठाऊक होतं. शिसं पुष्कळ वर्षं मातीत राहिलं की त्यावर असा थर चढतो. तोड्याच्या बंदुकीची गोळी असावी, असं माझ्या मनात आलं, कारण शनीचं राक्षसभुवन तिथून लांब नव्हतं. १० ऑगस्ट १७६३ रोजी तिथे पेशव्यांनी निजामाचा पराभव केला. निजाम काही फौजेनिशी गोदावरीपार गेलेला, मागे राहिलेला त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर अलीकडच्या तीरावर लढताना पडला.

पण ‘असावी’च्या पुढे मला जाता येईना. शिकाऱ्याच्या बंदुकीतली गोळीही अशीच असते. ती कोणत्या शेतात निघाली? किती खोल होती? आसपास तशाच आणखी दहा-वीस होत्या की ती एकटीच? तास मिटला आणि या प्रश्नांची उत्तरंही त्याच्याबरोबर मिटली.

मेटल डिटेक्टर हाती आला म्हणजे हे कोडं सुटतं, असं अनेकांना वाटतं. यंत्राच्या वेटोळ्यातून बदलता विद्युतप्रवाह जातो, त्याच्या चुंबकी क्षेत्रामुळे मातीतल्या धातूत प्रवाह उमटतात आणि त्यांची चाहूल यंत्राला लागते. लोखंड की तांबं, याचा अंदाजही ते देतं. नाव मात्र सांगत नाही. युरोपात रोमन काळातल्या बारा बाजूंच्या पोकळ धातूच्या वस्तू शंभराहून अधिक सापडल्या आहेत. प्रत्येक बाजूला भोक, प्रत्येक कोपऱ्यावर गोंडा. त्या कशासाठी केल्या, हे अजून ठरलेलं नाही, कारण त्यांच्याविषयी त्या काळातल्या कोणी एक ओळही लिहून ठेवली नाही.

आपल्याकडचा दाखला प्रवरेकाठच्या दायमाबादचा. १९७४ साली झाडाचं मूळ खणताना एका भिल्ल शेतकऱ्याला चार कांस्यमूर्ती मिळाल्या: बैलजोडीचा रथ आणि त्यात उभा सारथी, हत्ती, गेंडा, रेडा. चौघांचं मिळून वजन साठ किलोंहून जास्त. रथ इतका देखणा आहे की बघणारा गप्प होतो. पुढे एस. ए. साळी यांनी तिथे उत्खनन केलं आणि मूर्ती उत्तर हडप्पा काळातल्या मानल्या. डी. पी. अग्रवाल यांना ते पटलं नाही. धातूत एक टक्क्याहून जास्त आर्सेनिक निघालं होतं, आणि ताम्रपाषाण काळातल्या इतर वस्तूंत तसं मिश्रण आढळत नाही, हा त्यांचा मुद्दा. चार मूर्ती नेमक्या कोणत्या थरात विसावल्या होत्या हे मूळ खणण्याच्या घाईत कोणी टिपलं असतं, तर हा वाद इतका लांबला नसता. दोष त्या शेतकऱ्याचा नव्हे. थर नावाची काही गोष्ट असते, हे त्याला सांगायला कोण गेलं होतं?

बीडच्या दक्षिणेला, शेजारच्याच जिल्ह्यात, तेर आहे. जुन्या ग्रीक प्रवासवर्णनातलं तगर ते हेच. गावातले व्यापारी रामलिंगप्पा लामतुरे यांनी लोकांना निरुपयोगी वाटणाऱ्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या, आज त्यांच्या नावाचं शासकीय संग्रहालय तिथे उभं आहे. तेरच्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीची जवळची बहीण इटलीत, इ. स. ७९ मध्ये राखेखाली गेलेल्या पॉम्पेईत मिळाली. एका वस्तूची ओळख कधी कधी समुद्रापलीकडच्या दुसऱ्या वस्तूपाशी असते. लामतुऱ्यांनी जपून ठेवलं नसतं, तर जुळवायला हाताशी काय उरलं असतं?

आपल्याकडे जमिनीत दडलेलं म्हटलं की गुप्तधन आठवतं आणि त्यापायी माणसं अघोरी थराला जातात. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याला त्याची दखल घ्यावी लागली. सोन्यासाठी खणणारा खिळा, नाल, फाळ बाजूला भिरकावतो. १८७८ चा निखात निधीचा कायदा दहा रुपयांहून अधिक किमतीची ठेव सापडली तर जिल्हाधिकाऱ्याला कळवायला सांगतो. शिशाच्या गोळीची किंमत दहा रुपये कोण करणार? म्हणून ती देवळीत राहते, किंवा भंगारात जाते. मला त्या भंगाराचीच जास्त काळजी वाटते. मोटेचं कडं, बैलगाडीच्या चाकाची धाव, पराणीची आर, यांची नावं सांगणारी माणसं गावोगावी आता मोजकीच राहिली आहेत. त्या म्हाताऱ्यांच्या पुढ्यात वस्तू ठेवून विचारण्याचे दिवस फार उरलेले नाहीत.

परवा परळीच्या रस्त्याला, पाचटाच्या ढिगाशी, पातं झिजून निम्मं झालेला एक कोयता पडलेला दिसला. घासून घासून त्याची कड आतल्या बाजूला वळली होती. दोनशे वर्षांनी यंत्र त्याच्यावर वाजेल, ऊस तोडायचं हत्यार म्हणून कोणी तो ओळखेलही. पण दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन निघणाऱ्या टोळीत ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि एकटा माणूस ‘अर्धा कोयता’. त्या झिजलेल्या पात्यावर हे कुठेच लिहिलेलं नाही. मी तो उचलला नाही. पण वहीत जागा लिहिली, तारीख लिहिली आणि खाली लिहिलं: कोयता, दोन माणसं.