श्रद्धेची वकिली

२०१२ च्या मार्चमध्ये मुंबईत, इर्ल्याच्या वेलंकणी माउलीच्या चर्चपाशी असलेल्या क्रूसावरच्या येशूच्या पायांतून पाणी ठिबकू लागले. भाविकांची रीघ लागली. कुणी ते पाणी तीर्थासारखे घरी नेले. बुद्धिवादी चळवळीतले सनल एडमरुकू एका वाहिनीच्या बोलावण्यावरून तिथे गेले, आजूबाजूची जागा त्यांनी पाहिली आणि सांगितले, की तुंबलेले सांडपाणी केशाकर्षणाने भिंतीत चढून क्रूसापर्यंत पोचते आहे. पुढे वाहिनीवरच्या चर्चेत त्यांनी चर्चवर कडक टीका केली. मग काही कॅथलिक मंडळींनी त्यांच्याविरुद्ध धार्मिक भावना दुखावल्याबद्दल दंडसंहितेच्या कलम २९५ अ खाली पोलिसांत तक्रारी केल्या. त्याच वर्षी एडमरुकू फिनलंडला गेले.

मी ख्रिस्ती आहे आणि हा प्रसंग मला आजही टोचतो. चर्चवरचे त्यांचे सगळे आरोप मला पटत नाहीत. पण पाण्याबद्दल ते जे बोलले ते खरे की खोटे, हे भिंत खणून कळले असते. स्वतःला सत्य म्हणवणाऱ्या प्रभूचे आपण शिष्य. मग ओल कुठून आली हे कुणी दाखवून दिले तर त्याचे आभार मानणे आपल्याला इतके जड का जावे? मला वाटते, यामागे भीती असते. एक चमत्कार खोटा ठरला तर उद्या दुसरा ठरेल, आणि अखेर हातात काहीच उरणार नाही, ही भीती. ज्याला असे वाटते त्याने आपला विश्वास चुकीच्या जागी टेकवला आहे, आणि ते त्याला नास्तिकाने सांगण्याआधी आपणच सांगायला हवे.

हे सांगणारी माणसे चर्चमध्ये झाली आहेत. विश्व प्रसरण पावते आहे हे १९२७ मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियन धर्मगुरू होते. विश्वाची सुरुवात एका आद्य अणूतून झाली असावी, ही कल्पनाही त्यांचीच. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी शास्त्रज्ञांपुढच्या भाषणात या नव्या विश्वशास्त्रात निर्मितीची साक्ष पाहिली, तेव्हा सगळ्यांत जास्त अस्वस्थ झाले ते लमेत्रच. आपला सिद्धान्त आस्तिकाला आणि नास्तिकाला सारखाच मोकळा आहे, ही त्यांची भूमिका होती. देवाच्या बाजूने इतका मोठा पुरावा आयता हाती आला असताना तो नाकारायला केवढे धैर्य आणि केवढा विश्वास लागत असेल! उद्या समीकरण बदलले तर देवही बदलायचा का, हे त्यांना नीट कळत होते.

याहून जवळून पाहण्यासारखी गोष्ट ऑक्सफर्डची आहे. ख्रिस्ती आणि नास्तिक यांनी समोरासमोर बसून बोलावे म्हणून तिथे सोक्रॅटिक क्लब चालत असे आणि सी. एस. लुईस त्याचे अध्यक्ष होते. तरुणपणी ते स्वतः नास्तिक होते. १९४७ मध्ये निघालेल्या ‘मिरॅकल्स’ या पुस्तकात त्यांनी एक मुद्दा मांडला होता. निसर्गापलीकडे काहीच नसेल, तर आपला प्रत्येक विचार हा विवेकशून्य कारणांतून घडलेला ठरतो. मग ‘निसर्गापलीकडे काही नाही’ हा विचार तरी खरा कशावरून? मुद्दा बिनतोड वाटतो. कॉलेजात असताना मीही तो मित्रांपुढे मोठ्या उत्साहाने मांडत असे.

२ फेब्रुवारी १९४८ रोजी त्याच क्लबात एलिझाबेथ अँस्कम यांनी तो तपासायला घेतला. त्या तेव्हा तिशीच्या आत होत्या, तत्त्वज्ञ विट्गेन्श्टाइन यांच्या विद्यार्थिनी. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की अविवेकी कारण वेगळे आणि विवेकाशी ज्याचा संबंधच नाही असे कारण वेगळे. भ्रमातून काही वाटले तर त्यावर विसंबू नये, हे बरोबर. पण मेंदूत काही घडामोड झाली एवढ्यावरून त्या वेळी केलेला युक्तिवाद लटका ठरत नाही. तो खरा की खोटा हे त्याच्या आधारांवरून ठरवायचे. लुईस अडले. पुढे १९६० च्या आवृत्तीत त्यांनी ते प्रकरण बदलून लिहिले, आणि या पुनर्लेखनातून त्यांचा प्रामाणिकपणा दिसतो असे अँस्कम यांनीच नंतर नोंदवले.

या वादाची हकिगत सांगताना लोक कोण जिंकले, कोण हरले यात रमतात. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की अँस्कम स्वतः कॅथलिक होत्या. विश्वासाच्या बाजूचा कच्चा मुद्दा त्यांनी विश्वासात राहून फोडला. आपल्याकडच्या किती मंडळांत, किती प्रार्थनासभांत असे कुणाला करू दिले जाते?

वास्तविक मराठी ख्रिस्ती समाजाला हे नवे नाही. नीळकंठशास्त्री गोरे हे काशीचे पंडित. ख्रिस्ती मताचे खंडन करायला त्यांनी संस्कृतात ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहिला आणि १८४८ मध्ये त्यांनीच बाप्तिस्मा घेतला. नेहेम्या गोरे झाल्यावरही शंकांनी त्यांची पाठ सोडली नाही. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतलेल्या पंडिता रमाबाईंनी त्रैक्याच्या सिद्धान्तावरून तिथल्या मठातल्या आपल्याच वडीलधाऱ्या भगिनींशी पत्रांतून कडाडून वाद घातला. पटल्याशिवाय मानणार नाही, हा त्यांचा बाणा होता. त्याच रमाबाईंनी पुढे दुष्काळात सापडलेल्या मुलींना केडगावात आसरा दिला. तेव्हा आज घरातला एखादा मुलगा मोबाइलवर काही पाहून ‘देव आहे कशावरून?’ असे विचारतो आणि वडील ‘श्रद्धेत प्रश्न विचारायचे नसतात’ म्हणून त्याला गप्प करतात, तेव्हा ते परंपरा राखत नसतात. प्रश्न विचारणाऱ्यांनीच तर ती आपल्यापर्यंत आणली.

नास्तिकाचा सगळ्यांत अवघड प्रश्न विश्वाच्या आरंभाचा नाहीच. तो दुःखाचा आहे. कर्करोगाने तळमळणारे चार वर्षांचे मूल दाखवून कुणी विचारले, की तुझा प्रेमळ देव काय करतो आहे, तर त्याचे उत्तर माझ्यापाशी नाही. देवाची काहीतरी योजना असेल असे त्या आईसमोर म्हणणे मला क्रूर वाटते. लुईस यांनी १९४० मध्ये ‘द प्रॉब्लेम ऑफ पेन’ लिहून या प्रश्नाचा बराच उलगडा केला होता. १९६० मध्ये पत्नी गेली, आणि पुढच्या वर्षी टोपणनावाने निघालेल्या ‘अ ग्रीफ ऑब्झर्व्ह्ड’मध्ये ते देवावर अक्षरशः आरोप करतात. दोन्ही पुस्तके एकाच श्रद्धावंताची आहेत, आणि मी दुसऱ्यावर अधिक भरवसा ठेवतो. शुभवर्तमानातही क्रूसावरचा येशू दुःखाचे स्पष्टीकरण देत नाही. तू मला का सोडलेस, असे तो स्वतःच विचारतो. दुःख का आहे हे मला कळले, असा माझा दावा नाही. देव त्या दुःखाच्या बाहेर बसून राहिला नाही, एवढाच आहे. हा दावा गणितासारखा सिद्ध होणार नाही, आणि तो मी सोडणारही नाही.

पण इथे मलाही नास्तिक मित्राला काही विचारायचे आहे. २८ जानेवारी १९४८ रोजी, म्हणजे ऑक्सफर्डच्या त्या बैठकीआधी आठवडाही नसेल, बीबीसीवर फ्रेडरिक कोपल्स्टन हे येशूसंघी धर्मगुरू आणि देव न मानणारे तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांचा वाद झाला. विश्वाला कारण हवे की नको, यावर दोघे आपापल्या जागी ठाम राहिले. मग नीतीचा विषय निघाला. चांगले-वाईट तुम्ही कशाने ओळखता, असे कोपल्स्टन यांनी विचारले, तेव्हा रसेल यांनी भावनेकडे बोट दाखवले. कोपल्स्टन यांनी बेल्सनच्या छळछावणीच्या अधिकाऱ्याचे नाव काढले. पुढे १९६० मध्ये रसेल यांनी स्वतःच लिहिले, की नीतिमूल्ये व्यक्तिनिष्ठ आहेत या मताचे खंडन त्यांना जमत नाही. पण क्रौर्यात वाईट एवढेच, की ते त्यांना आवडत नाही, यावर त्यांचा विश्वासही बसत नाही.

रसेल त्यामुळे देवाकडे वळले नाहीत, आणि त्या वाक्यातून देव सिद्ध होतो असे मी म्हणणार नाही. लमेत्र यांच्याकडून तेवढे मी शिकलो आहे. पण त्या आजारी मुलासाठी नास्तिकाला येणारा संताप खरा आहे, आणि तो ‘मला आवडत नाही’ याच्या कितीतरी पलीकडचा आहे. हे घडायला नको होते, असे तो छातीठोकपणे म्हणतो. मीही तेच म्हणतो. ही खात्री आपल्या दोघांना कुठून आली, यावर मला त्याच्याशी बोलायचे आहे. माझे उत्तर मी त्याला देईन, आणि त्याचे पुरते ऐकून घेतल्याशिवाय उठणार नाही.