पिल्लाला हात लावायचा का?

आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ६३



आजचा श्लोक आपण बहुतेक वेळा घाईत ओलांडतो, कारण पुढचा ६६ वा खुणावत असतो. अठरा अध्याय होत आले आहेत. सगळं सांगून झाल्यावर श्रीकृष्ण अर्जुनाला म्हणतात, यावर पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर.

खरं सांगू? मला हे नेहमी जरा कोरडं वाटायचं. जो धनुष्य टाकून बसला होता, त्याला शेवटी ‘तुझं तू ठरव’ म्हणायचं? मदत करायची तर पूर्ण करावी ना!

मध्यंतरी करमाडला मावशीकडे गेले होते. संभाजीनगरहून जालना रोडने निघालं, शेंद्र्याची एमआयडीसी मागे पडली की करमाड येतं. मावशी गावरान कोंबड्या पाळते. एरवी खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवायची, यंदा तिने थर्माकोलच्या पेटीचं छोटं इन्क्युबेटर आणलं. चोवीस अंडी. साडेसदतीस अंशांची ऊब, रोज तीन-चारदा अंडी फिरवायची. अठराव्या दिवसानंतर फिरवणं बंद, पाणी थोडं जास्त ठेवायचं आणि झाकण उघडायचं नाही. मी पोचले तो एकविसावा दिवस होता.

रात्रीपर्यंत सतरा पिल्लं निघाली. एका अंड्याला मात्र सकाळी नऊलाच टवका पडला होता, आणि तो तेवढाच राहिला. आतून चिवचिव यायची, चोचीचं टोक हलायचं, परत शांत. मला बघवेना. “मावशी, मी थोडं कवच काढते ना.”

“हात नको लावू. दम धर की जरा. त्याचं काम चालू आहे आत.”

मला ते काम दिसत नव्हतं, पण मावशीचं बरोबर होतं. पिल्लू आधी अंड्याच्या रुंद टोकाकडच्या हवेच्या पोकळीत चोच घालून श्वास घ्यायला शिकतं. मग कवचाला भोक पाडतं आणि बारा ते चोवीस तास नुसतं पडून राहतं. आपल्याला वाटतं अडकलं. पण त्या वेळात पापुद्र्यातल्या शिरांमधलं रक्त अंगात परत जात असतं आणि उरलेला बलक पोटात ओढला जात असतो. त्या बलकावर ते पुढे दोन-तीन दिवस दाण्यापाण्याशिवाय राहू शकतं. आपण घाईने कवच सोललं तर त्या शिरा तुटतात. म्हणजे दया करायला जाऊन आपण त्याचं रक्तच काढतो.

इथे तुम्हाला फुलपाखराची ती व्हॉट्सअॅपवरची गोष्ट आठवली असेल. कोणीतरी कोष कापून देतं आणि फुलपाखराला उडताच येत नाही. मलाही आठवली, आणि मी आत जाऊन झोपले. खूप सोयीची गोष्ट आहे ती. काही न करणाऱ्याला ज्ञानी ठरवते.

महिन्यापूर्वी हीच गोष्ट मी माझ्या धाकट्या भावाला फॉरवर्ड केली होती. तो पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. तिसरं वर्ष. त्याने फोन करून विचारलं होतं, “ताई, आता काय करू?” मी म्हटलं, तुझं तू बघ, संघर्षानेच माणूस घडतो. त्यानंतर त्याने फोन केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी टवका तसाच. मावशीने टॉर्च लावून पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला. “पापुद्रा वाळून चिकटलाय अंगाला. काल सारखं झाकण उघडत होतीस ना तू?”

होते. बघायला, फोटो काढायला, व्हिडिओ करायला. दर वेळी पेटीतला ओलावा थोडा थोडा उडून जात होता. म्हणजे ते पिल्लू आता स्वतःच्या कवचाशी झगडत नव्हतं. ते माझ्या उतावीळपणाशी झगडत होतं.

मग मात्र मावशी थांबली नाही. कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने तिने पापुद्रा ओला केला. टवक्याच्या कडेचे दोन-तीन तुकडे काढले. एके ठिकाणी बारीक लाल रेघ दिसली आणि तिचा हात तिथेच थांबला. ओल्या फडक्यात अंडं ठेवून तिने झाकण लावलं. “आता त्याचं ते.” दुपारी पिल्लू स्वतः पाय झाडत बाहेर आलं. एक पाय फाकलेला होता. मावशीने दोन्ही पाय चिंधीने सैलसर बांधले. आता ते चालतं, थोडं लंगडतं. बाकीची सहा अंडी निघालीच नाहीत.

परत येताना आजचा श्लोक डोक्यात होता. ‘तुला वाटेल तसं कर’ म्हणणारा रथ सोडून गेला नव्हता. लगाम त्याच्याच हातात होते. जयद्रथवधाच्या दिवशी भर रणात त्याने घोडे सोडले, त्यांच्या अंगातले बाण काढले, त्यांना पाणी पाजलं. बाण सोडायचं काम मात्र अर्जुनाकडेच ठेवलं. आणि इथे निर्णय अर्जुनावर सोपवल्यावर तीनच श्लोकांनी तो म्हणतो, मला शरण ये, शोक करू नकोस. मोकळं सोडणं आणि सोडून देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या पेटीपाशी कळलं.

मदत करावी की नाही, याचा सरसकट नियम मला सापडला नाही. दोन प्रश्न मात्र मिळाले. समोरच्याची ही धडपड त्याची स्वतःची आहे, की त्याच्या वाटेत मीच काही वाळवून ठेवलंय? आणि मदत करताना लाल रेघ दिसली तर माझा हात थांबेल का?

भावाला पुण्याला जायचा आग्रह माझाच होता. दर रविवारी ‘किती झालं वाचून?’ विचारून झाकण उघडणारीही मीच.

काल मी त्याला फोन केला. सल्ला दिला नाही. आधी माफी मागितली. मग म्हटलं, अजून एक वर्ष द्यायचं की परत यायचं, तू ठरव. दोन्हीत मी आहे. तो बराच वेळ गप्प होता. मीही गप्प राहिले. मला ते अवघड गेलं.

आजचा संकल्प : ज्याला आपण ‘तुझं तू बघ’ म्हटलं, अशा एका माणसाला आज फोन करू या. आणि उत्तर द्यायची घाई करू नका.

रामकृष्णहरी.